चार ते पाचचा तक्ता

१

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला कंट्रोलरबाईंनी फाइलमधला चार ते पाचचा तक्ता उघडला, वाचला आणि पुन्हा वरून वाचला.

तक्त्यावर खाडाखोड नव्हती की डाग नव्हता. दर पंधरा मिनिटांचे आकडे ओळीने मांडलेले, बेरीज बरोबर, खाली मोजणीला बसलेल्या पोस्टमनकाकांची आखूड सही. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'काही नाही'.

आणि दहा दिवसांपूर्वी, मोजणीच्याच मंगळवारी, त्याच चौकात, साडेचारच्या सुमाराला बाईंचा धाकटा भाऊ सायकलवरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. मोजणीला बसलेल्या माणसाच्या नाकासमोर एवढं रामायण घडलं, आणि शेऱ्यात म्हणे काही नाही!

कंट्रोलरबाई म्हणजे बस डेपोत अठ्ठावीस वर्षं कंट्रोलरची खुर्ची सांभाळलेल्या बाई. कुठली गाडी कधी सुटली, कुठे रखडली, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून त्यांनी रस्ते विभागाचं हे तात्पुरतं काम घेतलं. सरकारनं अनुदान जाहीर केलं होतं. पायी चालणारे, सायकलवाले आणि बसने जाणारे यांच्यासाठी रस्ते नीट करा, चौक मोकळे करा, त्याचा भार आम्ही उचलतो. अट एवढीच की चौकात खरोखर किती माणसं चालतात, किती सायकली जातात, बसमधून किती उतरतात, ते एक दिवस बसून मोजायचं. तासाला एक तक्ता. आणि एकही तक्ता खोटा निघाला तर तीन वर्षं प्रस्तावाला हातही लावणार नाही.

तीन चौकांची मोजणी बाईंच्या देखरेखीखाली झाली होती. भाऊ पडला तेव्हा त्या दुसऱ्या चौकात होत्या. फोन आला तशा हॉस्पिटलात धावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यांची पाकिटं न वाचताच कपाटात टाकून पुन्हा तिकडे पळाल्या.

भाऊ घड्याळजी होता. चौकाच्या अलीकडच्या गल्लीत त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटं दुकान. पडल्यापासून तो एकच पालुपद लावून बसला होता. "ताई, माझाच तोल गेला. पाय गेले, तसे उद्या हातही जातील. दुकान बंद केलेलं बरं." नेमकं काय झालं ते त्याला आठवतच नव्हतं. आज पाच वाजता अनुदानाचं पोर्टल बंद होणार, फाइल वर जाणार, त्याआधी मोजणीच्या माणसानं काय पाहिलं ते एकदा वाचावं, एवढ्याचसाठी बाईंनी तो तक्ता उघडला होता.

त्यांनी शेजारचा पाच ते सहाचा तक्ता काढला. तोही पोस्टमनकाकांचाच. त्याच्या वरच्या कडेला, चौकात कागद लावायच्या पाटीच्या चिमट्याचा खोल वळ उमटला होता. मग चार ते पाचचा कागद त्यांनी खिडकीशी तिरका धरला.

वळ नव्हताच. हा कागद चौकात गेलाच नव्हता.

२

पोस्टमनकाका घरीच होते. टपाल वाटून वाटून झिजलेला, सरळमार्गी माणूस. पण बाईंना त्या क्षणी कोणाचाच भरवसा वाटत नव्हता. त्यांनी आधी कागद दाखवला, मग विचारलं.

"काका, हा तक्ता तुमचा?"

काकांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "सही माझ्यासारखी आहे खरी. पण माझी सही म्हणजे एक आकडा आणि एक टिंब. कोणीही काढेल. आणि मोजणीच्या रेघोट्यांना कसलं आलंय अक्षर?"

"शेरा?"

"हे मी नाही लिहिलं." काका एकदम ताठ बसले. "बाई, मी चांगल्या चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्हीच सांगितलं होतं ना, वाटेत अडथळा असेल तर नोंद करा म्हणून? फूटपाथवर अर्धी चढवलेली गाडी. नंबरसुद्धा टाकला होता."

"नंबर काय?"

"दहा दिवस झाले हो! पांढरी गाडी होती, एवढं आठवतं. मी लिहिलं आणि मान वर करतो तो धाडकन आवाज. बघतो तर तुमचा भाऊ आडवा. पाटी टाकली आणि पळालो. थांब्यावरची माणसंही धावली. साठ-सत्तर तरी असतील, ही गर्दी! ती गाडी तिथेच होती म्हणून बरं, तिच्यातूनच हॉस्पिटलात नेलं त्यांना."

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी त्यांचं डोकं धरून बसलो होतो, बाई. चेहरे कोण बघतंय? मागच्या सीटवर ठेवलं, दार लावलं, गाडी गेली. मग मी परत खुर्चीवर येऊन शेऱ्यात सगळं लिहिलं. चार बत्तीसला पडले, सहा मिनिटं मोजणी बंद."

ही गाडी घरच्यांनाही ठाऊक होती. कोणीतरी भावाला हॉस्पिटलाच्या दारात उतरवून, नावही न सांगता निघून गेलं होतं. भावजय त्या अनोळखी माणसाला रोज दुवा देत होती. "वन्सं, असे देवमाणूस अजून आहेत बघा," असं ती दहादा म्हणाली असेल.

काकांचा निरोप घेऊन बाई जिना उतरू लागल्या, आणि चौथ्या पायरीवर थबकल्या.

साठ-सत्तर माणसं? चार बत्तीसला? त्या थांब्यावर चार वीसची बस लागते. ती गर्दी उचलून नेते. बत्तीसला तिथे चिटपाखरू उरत नाही.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या हातातला तक्ता पुन्हा पाहिला. सव्वाचार ते साडेचार. बसमधून उतरलेले, बावन्न.

३

डेपोत आता बाईंच्या खुर्चीवर त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती. तिने रजिस्टर बघून फोनवर सांगितलं, "मॅडम, त्या मंगळवारी चार वीसची गाडी पुलावर बंद पडली होती. चौकात पोचली चार पन्नासला. बाकी दिवसभर सगळ्या वेळेवर."

म्हणजे सव्वाचार ते साडेचारमध्ये बसमधून उतरलेली ती बावन्न माणसं कोणीतरी वेळापत्रक समोर ठेवून जन्माला घातली होती.

बाई ऑफिसात परतल्या त्या विचार करतच. कपाटाच्या दारावर फाइल कोणाकोणाकडे गेली त्याची चिठ्ठी डकवलेली असते. तिच्यावर तीनच नोंदी होत्या. इंजिनिअरसाहेब. प्रस्तावाचा आराखडा काढणाऱ्या वास्तुविशारद, ज्यांना ऑफिसात सगळे नकाशेबाई म्हणत. आणि आराखड्यावर हरकत घेण्यासाठी तासभर फाइल वाचून गेलेल्या दुकानदार संघाच्या अध्यक्षबाई. आणखी एक गंमत म्हणजे तिघांच्याही गाड्या पांढऱ्या. पांढऱ्या गाड्यांचा नुसता सुळसुळाट.

फाइल बुडवायची असती तर अख्खी फाइल गायब करता आली असती. इथे एकच तास बदलला होता, आणि बदलणाऱ्यानं आकडे जपून भरले होते. त्याला प्रस्ताव मारायचा नव्हता. त्याला फक्त शेरा नको होता. गाडीचा नंबर नको होता.

इंजिनिअरसाहेब घामाघूम होऊन कागद स्कॅन करून घेत होते. बाईंच्या हातात तक्ता दिसताच त्यांनी झटकन तो ओढून घेतला.

"हा सुटा कशाला काढलात? पाच वाजता पोर्टल बंद होतं, ठाऊक आहे ना?"

"सुटला होता, लावते." बाईंनी साळसूदपणे हात पुढे केला. "साहेब, तुम्ही त्या मंगळवारी चौकात फिरकला होतात का हो? साडेचारच्या सुमाराला?"

साहेबांची मान वर आली. "का?"

"भावाला कोणी उचललं ते विचारतेय सगळ्यांना."

"मी इथेच बसलो होतो डोकं धरून. डेपोचा फोन, पुलावर बस आडवी, रस्ता तुंबला, क्रेन पाठवा. क्रेनवाला जागेवर नाही. पाऊण तास त्यातच गेला." त्यांनी तक्ता परत केला, पण नजर बाईंच्या चेहऱ्यावर तशीच रोखलेली. "बाई, एक सांगतो. भावाचं दुःख मी समजू शकतो. पण आज या फाइलमध्ये खुसपट काढू नका. तीन वर्षं मागे जाऊ."

तक्ता खोटा आहे हे साहेबांना आधीच ठाऊक होतं, की नुसता अंदाज होता? बाई बाहेर पडल्या. साहेब दारापर्यंत मागे आले आणि त्या कुठे वळतात ते बघत उभे राहिले.

४

अध्यक्षबाईंचं बुटांचं दुकान थांब्याच्या अगदी समोर. बाई आत शिरल्या तशा त्या गल्ल्यावरूनच कडाडल्या.

"आलात? फूटपाथ रुंद करा, सायकलींना पट्टा द्या, आणि माझ्या गिऱ्हाइकानं गाडी काय डोक्यावर ठेवायची?"

"गिऱ्हाईक चालत आलं तर बूट लवकर झिजतील," बाई म्हणाल्या. "फायदा तुमचाच."

अध्यक्षबाई हसणार होत्या, पण त्यांनी स्वतःला आवरलं. "तुमचं काय काम आहे ते बोला."

"तुम्ही फाइल वाचलीत त्या दिवशी मोजणीचे तक्ते पाहिलेत?"

"सगळे पाहिले. खोटे असतील म्हणूनच तर गेले होते!" त्यांनी आवाज खाली आणला आणि बाईंकडे निरखून पाहिलं. "का? आहेत का खोटे?"

या बाईला एवढं जरी कळलं तरी पाचच्या आत प्रस्तावाचा निकाल लागला असता. "छे हो. भावाला कोणी उचललं ते शोधतेय. मंगळवारी साडेचारला तुम्ही इथेच होतात?"

"जाणार कुठे? बस आली नव्हती. माझ्या पायऱ्यांवर अर्धा तास लोकं ठाण मांडून. गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही. डेपोला दोनदा फोन केला मी. मग कोणीतरी पडलं म्हणून सगळे तिकडे धावले, तेवढ्या पायऱ्या मोकळ्या झाल्या." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "तुमचे भाऊ होते ते मला नंतर कळलं. माझ्या हातावरचं हे घड्याळ त्यांनीच चालू केलंय."

"तुमची गाडी कुठे असते?"

"मागच्या गल्लीत. दारात मी गिऱ्हाइकासाठी जागा ठेवते." त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुम्ही मला काय विचारताय, आणि का विचारताय?"

बाई 'येते' म्हणून बाहेर पडल्या. काचेतून अध्यक्षबाईंनी फोन उचललेला त्यांना दिसला. कोणाला करत होत्या, देव जाणे. घड्याळात पाऊण वाजला होता.

५

नकाशेबाई ऑफिसातल्या लांब टेबलावर आराखडे पसरून बसल्या होत्या. तीन वर्षं या चौकासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. म्हाताऱ्यांना ओलांडता यावं म्हणून रस्त्याच्या मधोमध थांबायला ओटा, सायकलींना वेगळा पट्टा, थांब्यावर सावली. सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. ऑफिसात घड्याळजीची रोज न चुकता चौकशी करणाऱ्याही त्या एकट्याच.

"कसे आहेत भाऊ आज?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"तसाच आहे. दुकान विकतो म्हणतोय. स्वतःवरचा विश्वासच उडालाय त्याचा."

नकाशेबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "असं नका करू देऊ त्यांना."

"तुम्ही होतात का हो त्या दिवशी चौकात? कोणी मदत केली, काही कळतच नाही."

"मी तीनलाच घरी गेले होते. डोकं ठणकत होतं."

"तरीच," बाई म्हणाल्या, आणि चहा आणते असं सांगून उठल्या.

उठता उठता त्यांची नजर टेबलावर पडली. प्रस्तावाच्या मुखपृष्ठाचा रंगीत छाप कोपऱ्यात ठेवलेला होता. त्यावर नकाशेबाईंनीच काढलेला फोटो, खाली त्यांचं श्रेय आणि ओळ: 'रोज असेच ताटकळणारे प्रवासी'. थांब्यावर तुडुंब गर्दी, माणसं बुटांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेली. आणि डाव्या कोपऱ्यात, खुर्चीवर पाटी मांडीला टेकवून, आपले पोस्टमनकाका.

बाईंनी छाप उचलला. चहा राहिला बाजूला. दाराची कडी लावून त्या परत टेबलाशी आल्या.

६

"मला एक कोडं सुटत नव्हतं," त्या खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "चार ते पाचचा तक्ता कोणीतरी नव्यानं लिहिलाय. लिहिणाऱ्यानं बस वेळेवर आणली. ती अर्धा तास उशिरा आली होती."

नकाशेबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"साहेबांना ते ठाऊक होतं, क्रेनसाठी धडपडत होते. अध्यक्षबाईंना ठाऊक होतं, त्यांनी डेपोला शिव्या घातल्या. दोघांपैकी कोणीही ही चूक केली नसती. राहिलात तुम्ही. पण तुम्ही तर तीनला घरी गेला होतात."

बाईंनी छाप पुढे सरकवला.

"पोस्टमनकाका त्या खुर्चीवर आयुष्यात एकदाच बसले, त्या मंगळवारी चारनंतर. आणि थांब्यावर एवढी गर्दी त्या दिवशी एकदाच झाली, बस रखडली तेव्हा. म्हणजे हा फोटो चार वीस ते चार पन्नासच्या मधला. तुम्ही तिथे होतात. गर्दी दिसली, पण ती कशामुळे झाली ते कळलं नाही. तुम्हाला वाटलं, रोजच असं असतं, बस आता येईलच. बसने जाणाऱ्याला असं वाटलं नसतं."

मग नकाशेबाईंनी पाय ओढून घेतले आणि तोंडावर हात धरला.

"फोटो काढून गाडीत बसले होते," त्या बोटांआडून म्हणाल्या. "मोजपट्टी फूटपाथवरच राहिली होती, म्हणून परत उतरायला दार उघडलं. मागे बघितलंच नाही. ते दारावर आले."

"गाडी फूटपाथवर."

"दोन मिनिटांसाठी लावली होती हो."

"सगळे दोन मिनिटांसाठीच लावतात."

"मी पळाले नाही, त्यांना नेलं. दारात उतरवलं तेव्हा नाव सांगायचं होतं. तोंडातून शब्दच फुटेना. दुसऱ्या दिवशी बेरजा करायला बसले तर शेऱ्यात माझ्या गाडीचा नंबर! मला वाटलं, सायकलींसाठी अनुदान मागणाऱ्या बाईनंच सायकलवाला पाडला, हे बाहेर आलं तर चौक गेला. तीन वर्षांची मेहनत गेली. मग तक्ता नव्यानं लिहिला. काकांनी बसची माणसं शेवटच्या रकान्यात टाकली होती, मला वाटलं गडबडीत चुकले, म्हणून ती वेळापत्रकाप्रमाणे मांडली."

"आणि तुम्ही?"

"हो. मीही घाबरले. माझ्याचसाठी जास्त."

बाईंना वाटलं होतं की राग येईल. आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "तो माणूस दहा दिवस स्वतःला दोष देत पडलाय, आणि तुम्ही रोज मला विचारता, कसे आहेत! काय ऐकायचं असायचं तुम्हाला?"

नकाशेबाईंनी पिशवी उघडली आणि आतल्या कप्प्यातून चौघडी केलेला कागद काढला. वरच्या कडेला चिमट्याचा वळ होता. काकांच्या टपोऱ्या अक्षरात चार ओळी होत्या.

"फाडवला नाही मला," त्या म्हणाल्या.

दारावर थापा पडू लागल्या. बाहेर इंजिनिअरसाहेब होते, आणि त्यांच्यामागे फणकारलेल्या अध्यक्षबाई. मघाचा फोन त्यांनी साहेबांनाच केला होता. तक्त्यात काय गोलमाल आहे, ते आत्ताच्या आत्ता सांगा, असा त्यांचा धोशा होता.

कंट्रोलरबाईंनी कडी काढली. पण पुढे बोलल्या त्या नकाशेबाई. दोघांसमोर, उभं राहून, काहीही न वगळता.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "संपलं सगळं."

"काय संपलं?" बाई म्हणाल्या. "खोटा तक्ता अजून वर गेलेला नाही. खरा माझ्या हातात आहे. सहा मिनिटं मोजणी बंद होती, तर बंद होती म्हणून लिहा. फूटपाथवर गाडी, सायकलीला वाट नाही, माणूस पडला. या चौकाला अनुदान कशाला हवं, हे याहून सरळ कोणी लिहिलंय का तुमच्या दोनशे पानांत?"

अध्यक्षबाईंनी तो कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एक फोन केला असता तरी त्यांचं काम झालं असतं.

"हरकत माझी कायम आहे," त्या कागद परत देत म्हणाल्या. "पण ती आराखड्यावर. या कागदावर नाही." आणि त्या निघून गेल्या.

नकाशेबाईंनी वेगळ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं की गाडी माझी, दार मी उघडलं, तक्ता मी बदलला. सही केली. मग मुखपृष्ठावरची फोटोखालची ओळ त्यांनीच खोडली. बेरजा नव्यानं झाल्या. पाचला वीस मिनिटं असताना साहेबांनी बटण दाबलं.

पुढे साडेचार महिन्यांनी मंजुरी आली. तोवर नकाशेबाईंनी पोलिसांत जबाब दिला होता आणि हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं होतं. पण ते नंतरचं.

७

साडेपाचला हॉस्पिटलात भेटीची वेळ सुरू होते. नकाशेबाई कंट्रोलरबाईंच्या मागोमाग व्हरांड्यापर्यंत आल्या आणि वॉर्डाच्या दाराशी थांबल्या.

"तुम्ही येता माझ्याबरोबर?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हे तुमचं तुम्हीच सांगा. दहा नंबरची कॉट, खिडकीजवळ."

नकाशेबाई आत गेल्या. बाहेरच्या बाकावर भावजय डबा मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी तिच्याशेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. भावजयीचा चेहरा उतरत गेला. दहा दिवस जिला दुवा दिला तीच ही! ती काहीतरी बोलणार, एवढ्यात आतून आवाज आला.

आधी बाईंना वाटलं, दुसराच कोणी पेशंट आहे. मग ओळख पटली.

"दार उघडताना मागे बघता येत नाही? डोळे दिलेत ना देवानं?"

भावजय ताडकन उठली. बाईंनी तिचा हात धरला.

"मी इथे पडल्या पडल्या स्वतःला म्हातारा समजायला लागलो! दुकान विकायला काढलं! अहो, तेहतीस वर्षं सायकल चालवतोय मी, तेहतीस वर्षं! एकदा म्हणून तोल गेला नाही माझा!"

एक नर्स धावत आत गेली, आवाज कमी करा म्हणाली, तर तो तिच्यावरही उखडला.

"वन्सं, रक्तदाब वाढेल हो त्यांचा," भावजय हात सोडवू बघत होती. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

बाईंनी तिला खाली बसवलं. स्वतःही बाकाला पाठ टेकली.

"बस गं," त्या म्हणाल्या. "ओरडू दे त्याला."